एकच ओएच, पण कुठल्या कार्बनवर?

कोल्ड क्रीमच्या डबीमागची बारीक अक्षरं वाचणारे लोक अलीकडे वाढलेत, ही चांगली गोष्ट आहे. त्या यादीत ‘सिटाइल अल्कोहोल’ दिसलं की मात्र पुष्कळजण दचकतात. क्रीममध्ये दारू कशाला? त्वचा कोरडी पडेल का? आमच्या घरात दारू चालत नाही, मग हे चालेल का? प्रश्न रास्त आहेत आणि उत्तर सोपं आहे. सिटाइल अल्कोहोल हा पांढरा, मेणचट घन पदार्थ आहे. तो ४९ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, पाण्यात विरघळत नाही, त्याने नशा येत नाही आणि त्वचा मऊ राहायला मदतच होते. दारूतलं इथेनॉल आणि हे, दोघं एकाच रासायनिक कुळातले आहेत, एवढंच काय ते नातं.

हे कूळ फार मोठं आहे. बाममधलं मेंथॉल, थंडीत फुटलेल्या ओठांना लावायचं ग्लिसरीन, शुगर-फ्री च्युइंगगममधलं सॉर्बिटॉल, रक्ततपासणीच्या रिपोर्टमधलं कोलेस्टेरॉल, अ जीवनसत्त्वातलं रेटिनॉल, गाडीच्या कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल, सॅनिटायझरमधलं आयसोप्रोपिल, ही सगळी अल्कोहोलंच. यातली काही आपल्या शरीरात मुळातच असतात, तर काही पोटात गेली तर माणूस दगावतो. असं का, याचं उत्तर अल्कोहोलांच्या वर्गीकरणात आहे. शाळा-कॉलेजात हे वर्गीकरण पाठ करायची यादी म्हणून शिकवतात, परीक्षेत दोन मार्कांना येतं आणि विसरलं जातं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण एखादं अल्कोहोल पोटात गेलं तर यकृतात त्याचं काय होईल, याचा अंदाज याच वर्गीकरणातून बांधता येतो.

ओएचमुळे काय बदलतं

कार्बन-हायड्रोजनच्या सांगाड्यातल्या एखाद्या कार्बनला ऑक्सिजन आणि त्या ऑक्सिजनला हायड्रोजन जोडलेला असला, म्हणजे ‘ओएच’ हा हायड्रॉक्सिल गट असला, आणि त्या कार्बनचे सगळे बंध एकेरी असले, की ते संयुग अल्कोहोल. मिथेनमधला एक हायड्रोजन काढून तिथे ओएच बसवला की मिथेनॉल, इथेनचं इथेनॉल, प्रोपेनचं प्रोपेनॉल. नावाच्या शेवटी ‘ऑल’ आलं की बहुतेक वेळा हाच गट असतो.

एवढ्याशा बदलाने काय होतं ते पाहा. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसमध्ये ब्यूटेनबरोबर प्रोपेन असतो. प्रोपेनचं रेणुवस्तुमान ४४, इथेनॉलचं ४६, म्हणजे वजनाला दोघं जवळपास सारखे. पण प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो आणि इथेनॉल ७८ अंशांना. हा १२० अंशांचा फरक हायड्रोजन बंधांचा आहे. ओएचमधला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, म्हणून त्याच्यावर थोडा ऋण प्रभार येतो आणि हायड्रोजनवर थोडा धन. एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो आणि सगळे रेणू एकमेकांना धरून राहतात. त्यांना वेगळं करून वाफेत पाठवायचं तर जास्त उष्णता द्यावी लागते. याहून चोख पुरावा डायमिथाइल ईथरचा. त्यात इथेनॉलइतकेच अणू आहेत: दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. फक्त ऑक्सिजन दोन कार्बनांच्या मधे आहे, त्यामुळे ओएच नाही. तो उणे २४ अंशांनाच उकळतो.

हाच ओएच पाण्याशीही हायड्रोजन बंध जोडतो. म्हणून मिथेनॉल, इथेनॉल आणि प्रोपेनॉल पाण्यात कितीही मिसळा, मिसळतात. कार्बनची साखळी लांबली की मात्र तिचा तेलकट स्वभाव वरचढ होतो. चार कार्बनचं साधं ब्यूटेनॉल १०० मिलिलिटर पाण्यात जेमतेम आठ ग्रॅम विरघळतं, आठ कार्बनचं ऑक्टेनॉल जवळपास नाहीच. सिटाइल अल्कोहोलमध्ये कार्बन सोळा. त्याचं ओएचचं टोक पाण्याकडे राहतं आणि लांब साखळी तेलात शिरते, म्हणून ते क्रीममधल्या पाणी आणि तेलाच्या सीमेवर बसतं आणि दोघांना वेगळं होऊ देत नाही.

व्याख्येतल्या एकेरी बंधांच्या अटीमुळे एक मोठं नाव या कुळाबाहेर राहतं, ते म्हणजे फिनॉल. त्यात ओएच थेट बेंझिनच्या, म्हणजे सहा कार्बनांच्या, कड्यावर बसलेला असतो. कडं ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन काही अंशी आपल्यात ओढून घेतं आणि ओएचमधला हायड्रोजन सैल होतो. त्यामुळे फिनॉल इथेनॉलपेक्षा सुमारे दहा लाख पट अधिक आम्लधर्मी आहे. जोसेफ लिस्टर यांनी १८६५ मध्ये ग्लासगोमध्ये जखमा निर्जंतुक करायला वापरलेलं कार्बोलिक आम्ल ते हेच. कडं आणि ओएच यांच्यामध्ये एक साधा कार्बन घातला की बेंझाइल अल्कोहोल होतं, आणि ते मात्र या कुळातलं.

मळीपासून पेट्रोलपर्यंत

महाराष्ट्रात अल्कोहोलचं रसायनशास्त्र सगळ्यात मोठ्या प्रमाणावर कुठे चालत असेल, तर साखर कारखान्यांच्या आसवनींत. उसाच्या रसातून साखर काढून घेतल्यावर जी काळी, दाट मळी उरते तिच्यातही भरपूर साखर असते, फक्त तिचे स्फटिक करणं परवडत नाही. मळीत पाणी घालून यीस्ट सोडतात. यीस्ट आधी सुक्रोज फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं आणि मग त्यांच्या प्रत्येक रेणूतून इथेनॉलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू बाहेर काढतं. टाक्यांवर फसफसून फेस येतो तो याच वायूचा. इथेनॉलचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास गेलं की यीस्टलाच ते सोसेनासं होतं आणि काम थंडावतं.

पुढचं काम ऊर्ध्वपातनाचं. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं आणि पाणी १०० अंशांना, तेव्हा तापवत राहिलं की शेवटी शुद्ध इथेनॉल हाती येईल असं वाटतं. तसं होत नाही. वजनाने ९५.६ टक्के इथेनॉल आणि ४.४ टक्के पाणी असं मिश्रण झालं की ते एकाच ठरावीक तापमानाला, शुद्ध इथेनॉलपेक्षाही किंचित कमी तापमानाला उकळतं आणि त्याच्या वाफेतही दोघांचं प्रमाण तेच राहतं. ऊर्ध्वपातनाचा मनोरा कितीही उंच बांधला तरी ते उरलेलं पाणी जात नाही. त्यासाठी आता मॉलिक्युलर सीव्ह वापरतात. झिओलाइटच्या या मण्यांतली छिद्रं तीन अँगस्ट्रॉमची असतात (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). पाण्याचा रेणू त्यात शिरून अडकतो, इथेनॉलचा त्याहून मोठा असल्याने बाहेरच राहतो. हे मला या सगळ्या धंद्यातलं सर्वांत देखणं तंत्र वाटतं.

पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल असं कोरडंच लागतं, कारण पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर जातं आणि टाकीच्या तळाशी वेगळा थर धरतं. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचलं. मायलेज कमी झाल्याची तक्रार लोक करतात, तिला रासायनिक आधार आहे. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच आहे, म्हणजे ते थोडंसं जळून झाल्यातच जमा आहे. त्यामुळे लिटरमागे त्यातून पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा मिळते.

गोव्यातली काजूची फेणी याच दोन पायऱ्यांवर उभी आहे. बोंडांचा रस आंबवायचा, एकदा ऊर्ध्वपातन केलं की हलकी उर्राक मिळते, पुन्हा केलं की फेणी. २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. तिचा तो तिखट वास इथेनॉलचा नव्हे. आंबताना तयार झालेल्या इतर अल्कोहोलांचा, आम्लांचा आणि त्यांच्या संयोगातून झालेल्या एस्टरांचा तो वास आहे.

एक ओएच, दोन, तीन

वर्गीकरणाची पहिली पद्धत म्हणजे ओएच मोजणं. एक असेल तर मोनोहायड्रिक, दोन असतील तर डायहायड्रिक किंवा ग्लायकॉल, तीन असतील तर ट्रायहायड्रिक. पुढे पॉलिहायड्रिक म्हणायचं. सॉर्बिटॉलमध्ये तर सहा असतात.

ओएच वाढले की हायड्रोजन बंध वाढतात. तीन कार्बनच्या साध्या प्रोपेनॉलचा उत्कलनांक ९७ अंश आहे. त्याच तीन कार्बनांवर प्रत्येकी एक ओएच बसवला की ग्लिसरॉल, म्हणजेच ग्लिसरीन, होतं, आणि ते २९० अंशांच्या आसपास उकळतं. द्रव घट्ट होतो, धार सावकाश पडते, हवेतली ओल धरून ठेवतो, आणि चव गोड लागते. ग्लिसरीन ओठांना लावतात ते याच ओल धरण्याच्या गुणासाठी, आणि खोकल्याच्या औषधात घालतात ते गोडव्यासाठी आणि दाटपणासाठी.

इथे मला थोडं थांबायचं आहे. पारदर्शक, दाट, गोड द्रव हे वर्णन ग्लिसरीनला लागू पडतं, तसंच ते कूलंटमधल्या इथिलीन ग्लायकॉललाही पडतं, आणि दोन इथिलीन ग्लायकॉल एका ऑक्सिजनने जोडून होणाऱ्या डायइथिलीन ग्लायकॉललाही. डायइथिलीन ग्लायकॉल औद्योगिक द्रावक आहे, औषधी दर्जाच्या ग्लिसरीनपेक्षा स्वस्त आहे, आणि ते मूत्रपिंडं निकामी करतं.

१९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना उपचार म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल होतं. ग्लिसरीन पाजून मेंदूतला किंवा डोळ्यातला वाढलेला दाब उतरवणं ही त्या काळी रुळलेली पद्धत होती. ज्या द्रवाने बरं वाटायचं त्यानेच लघवी बंद झाली. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली, आणि औषधखरेदीपासून तपासणीपर्यंतचा कारभार किती सडलेला होता ते त्यातून बाहेर आलं.

हे पहिल्यांदा घडत होतं असंही नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फा औषधाचं पातळ रूप करायला द्रावक म्हणून हेच डायइथिलीन ग्लायकॉल वापरलं गेलं आणि शंभरहून अधिक माणसं मेली, त्यात मुलं बरीच होती. तिथला १९३८ चा औषध कायदा त्यातूनच आला. २०२२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात अशाच दूषित खोकल्याच्या औषधाने सुमारे सत्तर मुलं गेली. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुलांचा जीव घेतला. त्यातली कित्येक उपचारासाठी नागपूरला आणली गेली होती. औषधी ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल आणि इथिलीन ग्लायकॉल प्रत्येकी ०.१ टक्क्यापेक्षा जास्त असू नये, अशी मर्यादा आहे. मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफीने ते मोजता येतं. पिंप उघडल्यावर त्यातला नमुना आधी तपासायचा, मग वापरायचा, एवढंच करायचं असतं. रसायनशास्त्राने हे उत्तर केव्हाच दिलेलं आहे, आणि तरीही मुलं मरतात, याचा संताप येतो.

कार्बनचे चार हात

आता दुसरी पद्धत, आणि माझ्या लेखी जास्त महत्त्वाची. ओएच किती आहेत हे सोडून तो कुठल्या कार्बनवर आहे ते बघायचं.

कार्बनला चार हात आहेत असं समजा. ज्या कार्बनने एका हाताने ओएच धरला आहे, त्याचे उरले तीन हात. त्यातल्या एकाच हातात दुसरा कार्बन आणि बाकी दोन हातांत हायड्रोजन असतील तर ते प्राथमिक अल्कोहोल. दोन हातांत कार्बन आणि एकात हायड्रोजन, तर द्वितीयक. तिन्ही हातांत कार्बनच असले आणि हायड्रोजनला जागाच उरली नाही, तर तृतीयक. मिथेनॉलमध्ये कार्बन एकटाच असतो, त्याच्या तिन्ही हातांत हायड्रोजन. त्याला सोयीसाठी प्राथमिकांत बसवतात, पण तो वेगळा आहे हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

तिन्ही प्रकार नाकाने ओळखीचे आहेत. खानदेशात, सातपुड्याच्या पायथ्याला रोशा गवत होतं. त्याचं तेल पूर्वी मुंबईमार्गे परदेशी जायचं आणि तिकडे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. ही भेसळ खपायची, कारण गुलाबातलं जिरेनिऑल आणि रोशा तेलातलं जिरेनिऑल एकच. ते प्राथमिक अल्कोहोल. बाममधलं मेंथॉल द्वितीयक. आणि धने भाजताना जो मंद गोडसर वास सुटतो त्यातलं मुख्य द्रव्य लिनलूल, ते तृतीयक. गंमत म्हणजे जिरेनिऑल आणि लिनलूल हे समघटक आहेत, म्हणजे दोघांत अणू तेवढेच आणि तेच. त्यात ओएचची जागा बदलली की एकाचा गुलाब होतो आणि दुसऱ्याचे धने.

चार कार्बनच्या ब्यूटेनॉलचे चार समघटक आहेत, त्यावर हे छान दिसतं. साधं ब्यूटेनॉल ११८ अंशांना उकळतं, आयसोब्यूटेनॉल १०८ ला, सेकंडरी ब्यूटेनॉल ९९ च्या थोडं वर आणि टर्शरी ब्यूटेनॉल ८२ ला. साखळी जितकी गुंडाळली जाते आणि ओएच जितका फांद्यांत दडतो, तितके रेणू एकमेकांना कमी धरतात. विद्यार्थी हमखास चुकतात ते आयसोब्यूटेनॉलला. फांदी दिसली की ते ‘द्वितीयक’ लिहून मोकळे होतात. पण फांदी शेजारच्या कार्बनवर आहे. ओएच ज्याच्यावर आहे त्या कार्बनच्या हातात एकच कार्बन आहे, म्हणून ते प्राथमिक. संपूर्ण साखळी बघायची नाही, फक्त ओएच धरलेला कार्बन बघायचा.

प्रयोगशाळेत हा फरक डोळ्यांनी पाहता येतो. हॉवर्ड ल्युकास यांनी १९३० मध्ये सुचवलेली चाचणी आजही बीएस्सीच्या प्रात्यक्षिकात असते. निर्जल झिंक क्लोराइड तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून अभिकर्मक करतात. तीन परीक्षानळ्यांत तो थोडा थोडा घ्यायचा. पहिलीत टर्शरी ब्यूटेनॉलचे थेंब टाकून हलवलं की लगेच सगळं दुधाळ होतं, आणि नळी स्टँडला लावेपर्यंत वर तेलकट थर दिसायला लागतो. दुसरीत सेकंडरी ब्यूटेनॉल टाकलं तर आधी काहीच होत नाही. नळी उजेडाकडे धरली तर आरपार दिसतं. मग पाचेक मिनिटांत हळूहळू धुरकटपणा येतो. तिसरीतलं साधं ब्यूटेनॉल तास संपेपर्यंत स्वच्छ राहतं. तापवल्याशिवाय ते दाद देत नाही.

घडतं ते असं. आम्ल ओएचला पाण्याच्या रूपात सुटायला लावतं आणि तो निघून गेला की कार्बनवर धन प्रभार उरतो. शेजारी तीन कार्बन असतील तर ते आपले इलेक्ट्रॉन थोडे पुढे सरकवून हा प्रभार सावरतात. दोन असतील तर जेमतेम, एक असेल तर निभावत नाही. प्रभार सावरला गेला की तिथे क्लोरीन येऊन बसतो, आणि हे नवं क्लोरीनयुक्त संयुग पाण्यात विरघळत नाही म्हणून गढूळपणा येतो. बेंझाइल अल्कोहोल प्राथमिक असूनही या चाचणीत झटपट गढूळ होतं, कारण त्याच्या शेजारचं कडं एकटंच प्रभार पेलतं. असे अपवाद समोर आले की नियम का आहे ते नीट कळतं, म्हणून शिकवताना ते टाळू नयेत असं मला वाटतं.

दुसरी चाचणी ऑक्सिडीकरणाची, आणि सगळी कहाणी खरं तर इथे येऊन मिळते. अल्कोहोलचं ऑक्सिडीकरण म्हणजे दोन हायड्रोजन काढून घेणं, एक ओएचमधला आणि एक त्याच कार्बनच्या हातातला. प्राथमिकाकडे असे दोन हायड्रोजन आहेत, म्हणून त्याचं आधी अल्डिहाइड होतं आणि पुढे आम्ल. द्वितीयकाकडे एक, म्हणून ते कीटोनपाशी थांबतं. तृतीयकाकडे एकही नाही, म्हणून सौम्य परिस्थितीत काहीच होत नाही. डायक्रोमेट हे ऑक्सिडीकरण करणारं नारिंगी रसायन घातलं तर पहिल्या दोघांत ते हिरवं होतं, तृतीयकात नारिंगीच राहतं. नाक्यावर पोलीस ज्यात फुंकर मारायला लावतात त्या यंत्राच्या जुन्या पिढीत हाच रंगबदल मोजला जायचा. आजच्या यंत्रांत फ्युएल सेल असतो, पण त्यातही इथेनॉलचं ऑक्सिडीकरणच होतं आणि त्यातून निघणारी वीज मोजतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं गुन्हा आहे.

यकृतात काय होतं

आपलं यकृतही हेच ऑक्सिडीकरण करतं. त्यात डायक्रोमेट नसतं, अल्कोहोल डीहायड्रोजिनेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. समोरचं अल्कोहोल विषारी होणार की नाही याची त्याला पारख नसते. मिळेल त्या अल्कोहोलचे हायड्रोजन ते काढत सुटतं.

इथेनॉलचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं, मग ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, आणि ते शरीर सहज जाळून टाकतं. मधलं ॲसिटाल्डिहाइड मात्र घातक आहे. मद्यपेयांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ पासून पहिल्या गटातल्या, म्हणजे कर्करोग करतात हे सिद्ध झालेल्या पदार्थांत ठेवलं आहे. आयसोप्रोपिल द्वितीयक, त्याचं ॲसिटोन होतं आणि प्रकरण बरंचसं तिथेच थांबतं. म्हणजे सॅनिटायझर प्यायला हरकत नाही असं मुळीच नाही, आयसोप्रोपिल स्वतःच मेंदूला गुंगी आणतं आणि पोट जाळतं. इथिलीन ग्लायकॉलला दोन्ही टोकांना प्राथमिक ओएच आहेत. दोन्हींचं ऑक्सिडीकरण होत होत शेवटी ऑक्झॅलिक आम्ल तयार होतं आणि त्याचे कॅल्शियमबरोबर झालेले स्फटिक मूत्रपिंडात साचतात. डायइथिलीन ग्लायकॉलच्या टोकांचंही असंच आम्ल होतं आणि तेही मूत्रपिंडावरच घाव घालतं. ग्लिसरॉल मात्र आपल्या चरबीचाच घटक आहे. त्याचं काय करायचं हे शरीराला ठाऊक असतं.

आणि मिथेनॉल. त्याच्या एकट्या कार्बनकडे तीन हायड्रोजन. पहिल्या पायरीला फॉर्मल्डिहाइड होतं, दुसरीला फॉर्मिक आम्ल. तिसऱ्या पायरीला ते कार्बन डायऑक्साइड होऊन सुटायला हवं, पण माणसाच्या शरीरात ही शेवटची पायरी फार मंद आहे. फॉर्मिक आम्ल साचत जातं. पेशी ज्या यंत्रणेने ऑक्सिजन वापरतात ती यंत्रणा ते बंद पाडतं, आणि डोळ्यामागच्या मज्जातंतूला पहिला फटका बसतो. अवघ्या १० मिलिलिटर मिथेनॉलनेही दृष्टी जाऊ शकते.

जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभरहून अधिक माणसं मेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. हातभट्टीत मिथेनॉल आपोआप एवढं तयार होतं असा समज आहे, तो बरोबर नाही. फळांतल्या पेक्टिनमुळे आंबवताना ते थोडंसं होतं, पण एवढी माणसं मरतात तेव्हा ते बहुधा कारखान्यातून आलेलं आणि स्वस्त म्हणून मिसळलेलं असतं. रंग नाही, वास इथेनॉलच्या जवळचा, आणि सुरुवातीची झिंगही तशीच. विकणाऱ्यालाही आणि पिणाऱ्यालाही फरक कळत नाही. जे मेले ते बहुतेक दिवसभर राबून स्वस्तातली दारू पिणारे होते.

मिथेनॉल स्वतः फारसं काही करत नाही, त्याच्यापासून होणारं आम्ल मारतं, आणि ते व्हायला वेळ लागतो. म्हणून लक्षणं बहुधा बारा ते चोवीस तासांनी दिसतात, माणूस झोपून उठल्यावर. उपचारही याच वेळेवर उभा आहे. ते विकर मिथेनॉलपेक्षा इथेनॉलला कितीतरी अधिक पसंती देतं. रुग्णालयात डॉक्टर मोजून इथेनॉल देतात किंवा फोमेपिझोल हे औषध देऊन विकराचं कामच अडवतात. फॉर्मिक आम्ल तयार व्हायचं थांबतं आणि तोवर डायलिसिसने मिथेनॉल आणि साचलेलं आम्ल बाहेर काढता येतं. हे घरी करायचं काम नव्हे. वरून आणखी दारू पाजून पाहायची तर अजिबात नाही. दारू प्यायल्यावर दुसऱ्या दिवशी कुणाला पोटात कळा येत असतील, धाप लागत असेल, नजर धुरकट झाली असेल किंवा डोळ्यांसमोर बर्फ पडल्यासारखं पांढरं दिसत असेल, तर ‘उतरेल’ म्हणून वाट पाहू नका. लगेच मोठ्या रुग्णालयात न्या, बाटलीत उरलेली दारू सोबत घ्या, आणि त्याच्याबरोबर जे जे प्यायले होते त्या सगळ्यांना, त्यांना काही होत नसलं तरी, घेऊन चला.